शिफारसखोर हेन्लीकर

शिफारसखोर हेन्लीकर हा इंग्लंडमध्ये, ऑक्सफर्डशायरच्या कडेला थेम्सच्या पश्चिम तीरावर वसलेल्या हेन्ली-ऑन-थेम्स या गावात आढळतो. गावात काय पाहावे, काय टाळावे आणि मुळात आज का यायला नको होते, हे परक्या माणसाला न विचारता सांगणे ही त्याची मुख्य खूण. वय बहुधा साठीच्या पुढे, पायात चिखल वाळलेले बूट, हातात कुत्र्याची दोरी. कुत्रा हा हौसेचा नसून साधनाचा भाग आहे. अनोळखी माणसाशी आपण होऊन बोलणे इंग्रजी रीतीत बसत नाही. पण कुत्र्याने पाहुण्याच्या पिशवीत तोंड घातले की माफी मागावी लागते, आणि माफी मागून झाली की शिफारस सुरू करता येते.

हा गृहस्थ जन्माने हेन्लीकर असेलच असे नाही, बहुधा नसतोच. लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनवरून निघून ट्वायफर्डला गाडी बदलली की साधारण तासाभरात हेन्ली येते. ट्वायफर्ड ते हेन्ली हा छोटा फाटा १८५७ पासून सुरू आहे, आणि लंडनमध्ये कमवायचे व नदीकाठी राहायचे असे ठरवलेल्या अनेक पिढ्या त्याने इथे आणून सोडल्या. शिफारसखोर त्यांच्यातलाच. गावातच जन्मलेल्या माणसाला वाट विचारली तर तो ‘पूल त्या बाजूला’ एवढे सांगून चालू लागतो. शिफारशीची हौस येते ती बाहेरून येऊन पंचवीसतीस वर्षे झाल्यावर. आपल्या आधी आलेले ते गावकरी आणि आपल्यानंतर आलेले ते पाहुणे, अशी त्याची लोकसंख्येची साधी विभागणी असते.

शिफारशींचा क्रम ठरलेला असतो. पहिली शिफारस वेळेची. पाहुणा जुलैत आला असेल तर मे महिना फार छान असतो. मे महिन्यात आला असेल तर सप्टेंबरात गर्दी नसते. सप्टेंबरात आला असेल तर वीस वर्षांपूर्वी यायला हवे होते. हिवाळ्यात थेम्स फुगते आणि काठची कुरणे पाण्याखाली जातात. त्या दिवसांत यायचे आमंत्रण मात्र तो मनापासून देतो.

दुसरी शिफारस गाडी कुठे लावावी याची. हा विषय निघाला की त्याच्या चेहऱ्यावर तेज चढते. कोणता वाहनतळ महाग, कोणता सकाळी दहापूर्वीच भरतो, कुठल्या गल्लीत फक्त रहिवाशांना परवानगी आहे, हे सगळे त्याला तोंडपाठ असते. त्याला एक फुकटची जागाही ठाऊक असते. तिचा तो उल्लेख करतो, गुण वर्णन करतो, फक्त पत्ता देत नाही. शेवटी, रेल्वेने यायला हवे होते, असा निष्कर्ष तो काढतो. गाडी घेऊन येऊन ती आधीच कुठेतरी लावलेल्या पाहुण्याला याचा जेवढा उपयोग व्हायचा तेवढा होतो.

यानंतर स्थळदर्शनाच्या शिफारशी येतात. त्यांचे चार वर्ग पडतात: आता नसलेली स्थळे, बंद असलेली स्थळे, पलीकडच्या तीरावरची स्थळे आणि दूरची स्थळे. हेन्लीत प्रत्यक्ष असलेले आणि उघडे असलेले स्थळ सुचवणे त्याला हलके वाटते. १७८६ चा पाच कमानींचा दगडी पूल पाहुण्यासमोरच असतो. तेव्हा पुलाची शिफारस करण्यात काही कसब नाही. पण मधल्या कमानीच्या दोन्ही अंगांवर थेम्स आणि आयसिस या नदीदेवतांचे दगडी मुखवटे आहेत, ॲन सीमोर डेमर या शिल्पकार स्त्रीने घडवलेले. पुलावर उभे राहून ते दिसत नाहीत. पुलावर फोटो काढत असलेल्या माणसाला ‘तुम्ही चुकीच्या जागी उभे आहात’ असे सांगण्याची सोय यामुळे झाली आहे, आणि अडीचशे वर्षांच्या आतबाहेरचा हा पूल त्याला आवडतो तो मुख्यतः या कारणाने.

पहिल्या वर्गातले प्रमुख स्थळ म्हणजे ब्रॅकस्पियरची बिअरची भट्टी. अठराव्या शतकापासून चालत आलेली ही भट्टी २००२ मध्ये हेन्लीतून गेली, आणि न्यू स्ट्रीटवरच्या तिच्या इमारतीत आता हॉटेल आहे. शिफारसखोर पाहुण्याला त्या रस्त्यावर नेतो आणि नेमके कुठे उभे राहिले म्हणजे मॉल्टचा वास यायचा ते दाखवतो. पाहुणा सभ्य असेल तर हुंगून पाहतो. त्याच रस्त्यावर १८०५ चे केंटन थिएटर आहे. तिथे आजही नाटके होतात, म्हणून त्याच्यावरून चटकन पुढे जाण्यात येते.

दुसऱ्या वर्गात फ्रायर पार्क या वाड्याला तोड नाही. सर फ्रँक क्रिस्प या धनाढ्य वकिलाने इथल्या बागेत मॅटरहॉर्न या स्विस पर्वताची छोटी प्रतिकृती दगड रचून उभी केली. १९७० मध्ये बीटल्सपैकी जॉर्ज हॅरिसनने ही वास्तू घेतली आणि २००१ मध्ये निधन होईपर्यंत ते त्याचे घर राहिले. वास्तू खाजगी आहे आणि आत कोणालाही सोडत नाहीत. शिफारसखोर तिचा रस्ता बारकाईने सांगतो, बागेचे वर्णन करतो आणि मग तिथे जाऊ नका असे बजावतो. हॅरिसन गावात कसा साधेपणाने वावरायचा हेही तो सांगतो. त्या काळी हेन्लीत राहणाऱ्या प्रत्येकाने त्याला कुठल्या ना कुठल्या दुकानाच्या रांगेत पाहिलेले आहे. या सगळ्या आठवणी खऱ्या धरल्या, तर गाणी लिहायला त्याला वेळ कधी मिळाला हे सांगणे अवघड होईल. याच वर्गात मार्श लॉक या नदीवरच्या जलद्वाराजवळचा लांबलचक लाकडी पूलही काही काळ मोडत होता. २०२२ मध्ये तो असुरक्षित म्हणून बंद करण्यात आला, आणि जो पूल चालू असताना दोन वाक्यांत आटपत असे त्याच्यावर शिफारसखोर पाऊण तास बोलू लागला.

तिसरा वर्ग सर्वांत नाजूक आहे. हेन्लीचे नाव जगभर झाले ते होड्यांच्या शर्यतींमुळे. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज या विद्यापीठांची पहिली शर्यत १८२९ मध्ये इथेच झाली आणि ऑक्सफर्डने ती जिंकली. १८३९ मध्ये गावाने स्वतःचा रेगाटा, म्हणजे होड्यांच्या शर्यतींचा सोहळा, सुरू केला. १८५१ मध्ये प्रिन्स अल्बर्टने आश्रय दिल्यावर तो ‘रॉयल’ झाला. १९०८ आणि १९४८ या दोन्ही ऑलिंपिकमधील नौकानयन हेन्लीलाच पार पडले. मात्र रेगाट्याचे तंबू, प्रेक्षकांचे कुंपण आणि गुलाबी पाणघोड्याचे चिन्ह मिरवणारा लिअँडर क्लब हे सारे पुलापलीकडे, म्हणजे बर्कशायरमध्ये आहे. गावाची कीर्ती शेजारच्या परगण्यात राहते, ही गोष्ट शिफारसखोर बाहेरच्याला आपण होऊन सांगतो. दुसऱ्याने सांगितली तर त्याला खपत नाही.

रेगाट्याविषयीच्या शिफारशी इतक्या आहेत की त्यांना वेगळे प्रकरण द्यावे लागते. शर्यत टेंपल आयलंडपासून सुरू होते. या बेटावरचे देखणे छोटे मंदिर देवाचे नाही. जेम्स वायटने १७७१ मध्ये ते मासेमारीच्या विश्रांतिस्थानासारखे बांधले. तिथून प्रवाहाविरुद्ध २,११२ मीटर वल्हवायचे. एका वेळी दोनच होड्या सुटतात. हरेल ती घरी जाते. दुपारच्या जेवणासाठी आणि पुन्हा चहासाठी शर्यती थांबतात. या थांबण्याचे वर्णन शिफारसखोर शर्यतीपेक्षा जास्त गहिवरून करतो. स्टुअर्ड्स एन्क्लोजर या राखीव कुंपणात पुरुषाला कोट आणि टाय लागतो, बाईचा झगा गुडघ्याखाली यावा लागतो आणि फोनवर बोलता येत नाही. बायकांना विजार घालून आत यायची मुभा मिळाली ती २०२१ मध्ये. या बदलाने इंग्लंड बुडाले असे शिफारसखोर म्हणत नाही. फक्त तारीख सांगून गप्प बसतो.

इथे तो जी शिफारस करतो ती मात्र खरोखर उपयोगाची आहे. बर्कशायरच्या काठाने जाणारी पायवाट सार्वजनिक आहे. तिच्यावरून शर्यत फुकट दिसते, टाय लागत नाही आणि सँडविच घरून आणता येते. एवढे सांगून तो स्वतः त्या आठवड्यात घर वल्हवणाऱ्यांच्या एखाद्या परदेशी संघाला भाड्याने देतो आणि कॉर्नवॉलला निघून जातो. त्यामुळे रेगाट्याबद्दल सर्वांत जास्त बोलणाऱ्यांनी तो बऱ्याच वर्षांत पाहिलेला नसतो.

चौथ्या वर्गातली स्थळे पाहुण्याला गावाबाहेर काढतात. नदीकाठाने खाली हॅम्बल्डन लॉकपर्यंत चालत जावे, तिथे बंधाऱ्यावरच्या अरुंद पुलावरून पलीकडच्या जुन्या पांढऱ्या गिरणीकडे जावे, ही त्यातली रास्त शिफारस. अंतर मात्र तो ‘पाच मिनिटे’ या एककात सांगतो. त्याची पाच मिनिटे पाहुण्याच्या घड्याळात तासाला भिडतात, आणि परतीचा तास वेगळा.

भारतीय चेहरा दिसला की याच वर्गातून एक खास रत्न बाहेर येते. रेडिंग आणि स्लाव भागात कामानिमित्त राहणारी मराठी कुटुंबे रविवारी डबा घेऊन हेन्लीला येतात आणि त्यांना हमखास स्टोक रो गावची विहीर सुचवली जाते. विहीर खरोखर पाहण्यासारखी आहे. एडवर्ड रीड हा इथला माणूस उत्तर हिंदुस्थानात कंपनी सरकारचा अधिकारी होता. आपल्या गावाकडे चिल्टर्न टेकड्यांवर पाण्याचे किती हाल आहेत हे त्याने काशीनरेश ईश्वरीप्रसाद नारायण सिंह यांना सांगितले आणि महाराजांनी आपल्या खर्चाने विहीर खणून दिली. हाताने खणलेली, जेमतेम चार फूट रुंद आणि ३६८ फूट खोल अशी ही विहीर १८६४ मध्ये खुली झाली. वर घुमट आहे आणि हत्तीही आहे. साहेबाच्या मुलखात हिंदी राजाचा धर्मादाय हे ऐकून मराठी पाहुणा सुखावतो. महाराज आपल्या घराण्यातले नव्हते, काशी कोल्हापूरपासून बरीच लांब आहे, हे सांगण्याचा प्रयत्न त्याने करू नये. शिफारसखोराच्या नकाशावर ती दोन्ही शेजारी असतात. त्यानंतर, जॉर्ज ऑर्वेल १९०३ मध्ये बिहारमधल्या मोतिहारीत जन्मला आणि वर्षभरात हेन्लीला आला, हे कळते. म्हणजे पाहुण्याचे आणि गावाचे नाते दोन्ही बाजूंनी पक्के झाले.

नात्याची खरी कसोटी आकाशाकडे बोट केल्यावर लागते. इंग्लंडमधून नामशेष झालेल्या तांबड्या घारी १९८९ पासून स्पेनमधून आणून चिल्टर्नमध्ये सोडण्यात आल्या आणि आता त्या हेन्लीवर दिवसभर घिरट्या घालतात. शिफारसखोर आवाज खाली आणून ‘घार’ म्हणतो. मुंबईत गॅलरीतल्या वाळवणावर घारीने घातलेली झडप पाहत वाढलेला पाहुणा चेहऱ्यावर आश्चर्य आणतो. ही घार थेट हातातले सँडविच उचलते असा इशाराही मिळतो, तेव्हा पाहुण्याला पहिल्यांदा घरच्यासारखे वाटते.

हॉटेलांच्या शिफारशी थोडक्यात आटपतात. पुलालगतचे ‘एंजल’ सगळ्यांना दिसते, म्हणून तिथे ‘पर्यटक जातात’. चांगला पब कुठला, तर आतल्या गल्लीतला, आणि त्याचे स्वयंपाकघर दुपारी नुकतेच बंद झालेले असते.

या साऱ्या वागण्यामागे पाहुण्याविषयी आकस नाही. नदीकाठचे गाव कोणाच्याही मालकीचे नसते. नदी सर्वांची, पायवाट सार्वजनिक, पूल दळणवळणाचा, आणि घरांच्या किमती तर बहुतेकांच्या आवाक्याबाहेर. मग उरते ती माहितीवरची मालकी. पाहुण्याला ठाऊक नसलेले काहीतरी आपल्याला ठाऊक आहे एवढ्यानेच शिफारसखोर गावाचा धनी ठरतो. म्हणूनच त्याच्या शिफारशीत उघड्या गोष्टींना किंमत नाही आणि बंद दारांना आहे. पाहुणा खरोखर तिथे गेला का, हे त्याने नंतर कधी विचारल्याचे ऐकिवात नाही.

त्याच्या शिफारशी वापरण्याची रीत सोपी आहे. नदीचे पाणी, पायवाटेवरचा चिखल, लॉकचे मार्ग आणि हंसांपासून राखायचे अंतर याबद्दल तो जे सांगेल ते निमूट मानावे, कारण कुत्र्यामुळे त्याला रोज दोनदा तिकडे जावे लागते. वेळ, पार्किंग आणि जुना काळ या विषयांवरचे नुसते ऐकून घ्यावे. अंतर सांगितले तर बारापट धरावे. आणि शिफारस संपल्यावर, ‘तुम्ही इथे किती वर्षे राहता?’ असे विचारू नये. त्या प्रश्नाचे उत्तर मोठे असते आणि ट्वायफर्डची गाडी चुकते.