नोट्स न दिसणाऱ्या वक्त्यांस अनावृत पत्र

माननीय प्रमुख वक्ते,

स. न. वि. वि.

पत्रास कारण की, येत्या शनिवारी आमच्या सभागृहात ‘जलधोरण आणि आपण’ या विषयावर आपलं व्याख्यान आहे आणि आपली फाइल काल माझ्याकडे पोचली. मी इथला ऑपरेटर. दीपप्रज्वलनाला दिवे मंद करणारा, आणि आभारप्रदर्शनात माइक बंद करायचा मोह दर वेळी आवरणारा. फाइल आधी उघडून बघणं हे माझं कामच असल्यामुळे स्लाइडांच्या खाली लिहिलेल्या आपल्या नोट्सही नजरेस पडल्या. पडल्या म्हणजे पडल्या एवढंच. वाचता आल्या असं मी म्हणणार नाही.

वक्ते लोक आपल्या नोट्स प्रेक्षकांपासून लपवतात, हे मी रोज बघतो. आपण त्या स्वतःपासूनही लपवण्याची जी व्यवस्था केली आहे, तिला मात्र तोड नाही. आठव्या स्लाइडखाली अडीच परिच्छेद, मध्ये एकही ओळ मोकळी नाही, आणि अक्षर असं की लॅपटॉपवर नाक टेकवल्याशिवाय त्यातलं काही हाती लागू नये. एवढी गुप्तता आमच्या बँकेच्या लॉकरलासुद्धा नाही. तेव्हा आयत्या वेळी कोणाच्या तरी सल्ल्याने आपण यात सुधारणा करून बसाल, या भीतीपोटी हे पत्र.

पहिली विनंती त्या दोन ‘ए’बद्दल. पॉवरपॉइंटच्या प्रेझेंटर व्ह्यूमध्ये, म्हणजे जिथे फक्त वक्त्याला चालू स्लाइड, पुढची स्लाइड, घड्याळ आणि नोट्स दिसतात तिथे, नोट्सच्या चौकटीखाली ‘ए’ या अक्षराची दोन चित्रं असतात, एक मोठं आणि एक छोटं. मोठ्यावर टिचकी मारली की नोट्सचं अक्षर वाढतं. आणखी मारली की आणखी वाढतं. चौकटीची कड माउसने ओढली तर चौकटही मोठी होते. गूगल स्लाइड्सच्या नोट्सच्या खिडकीत याच कामासाठी अधिक-उण्याची खूण आहे, लिब्रेऑफिस इम्प्रेसमध्येही आहे. ही बटणं इतक्या उघड्यावर ठेवली आहेत की आमच्या व्यासपीठावर येऊन गेलेल्या बहुतेक मान्यवरांचं त्यांच्याकडे लक्षच गेलेलं नाही. आपलंही जाऊ देऊ नये.

काही अतिहुशार वक्ते घरी बसून नोट्समधलं अक्षर अठ्ठावीस पॉइंटांचं करून आणतात. त्यांना माझा विरोध नाही, कारण त्याचा उपयोग होत नाही. ते मोठं अक्षर नोट्सचं पान छापलं तर कागदावर दिसतं. प्रेझेंटर व्ह्यू स्वतःच्या मापानेच अक्षर दाखवतो. मग व्यासपीठावर उभं राहून ‘काल तर मोठं केलं होतं’ असं माइकमधून ऐकू येतं, आणि सभेची सुरुवात मोठी घरगुती होते.

आता आपण नोट्स वाचता तेव्हा मागे, माझ्या टेबलावर, काय होतं तेही सांगतो. पोडियमवरचा माइक लवचिक दांडीचा असतो. आपण ताठ उभे असता तेव्हा तो तोंडासमोर असतो. नोट्स दिसेनात म्हणून आपण लॅपटॉपवर वाकता, तोंड माइकखाली जातं आणि शेवटच्या रांगेला फक्त ‘...च्या दृष्टीने...’ एवढंच ऐकू येतं. रांगेतून हात वर होतात. मी आवाज वाढवतो. तेवढ्यात आपल्याला वाक्य सापडतं, आपण विजयी मुद्रेने ताठ होता आणि ते वाक्य अख्ख्या सभागृहावर कोसळतं. मागोमाग स्पीकरची शिट्टी. पहिल्या रांगेतले अध्यक्ष दचकून जागे होतात. दर स्लाइडला ही उठाबस चालते. लोक समजतात ऑपरेटरला काही येत नाही. वक्त्याच्या अक्षराचं माप चुकलंय, असं सभागृहात आजवर कोणी म्हटलेलं नाही.

चष्म्याचंही बोलायला हवं, कारण आपण चाळिशी लावून येणार हे फोटोवरून दिसतंच आहे. वाचायचा चष्मा साधारण हातात धरलेल्या पुस्तकाच्या अंतरासाठी काढलेला असतो, चाळीसेक सेंटिमीटरसाठी. पोडियमवरचा लॅपटॉप त्याच्या दीडपट तरी लांब, शिवाय खाली झुकलेला. म्हणजे चष्मा लावला तर नोट्स अंधूक आणि समोरचे लोकही अंधूक. काढला तर लोक स्पष्ट आणि नोट्स गायब. पॉवरपॉइंट १९८७ साली मॅकिंटॉशवर आलं तेव्हाही त्यात वक्त्यासाठी नोट्सची पानं होती, पण ती छापून घ्यायची होती. कागद हातात असतो आणि दिसेना झालं की हात आपोआप पुढे-मागे होतो. लॅपटॉप पोडियमवरून उचलून डोळ्यांजवळ धरणारा वक्ता मी अजून पाहिलेला नाही. शनिवारी तो योग येईल अशी आशा आहे.

त्यातून आपल्या नोट्स मराठीत. देवनागरीला वर वेलांट्या-मात्रा, खाली उकार, मध्ये जोडाक्षरं. त्याच मापाच्या रोमन अक्षराशेजारी ती अंग चोरून बसल्यासारखी दिसते. आपल्या विषयात ‘धोरण’ हा शब्द स्लाइडागणिक येतो. बारीक अक्षरात ‘ध’ आणि ‘घ’ यांच्यात फरक उरतो तो शिरोरेषेजवळच्या एका गाठीचा. ती गाठ दिसली नाही की ‘राज्याचं जलघोरण’ असा उच्चार होतो आणि अर्धं सभागृह त्याला आधीच सुरुवात करून बसलेलं असतं. नारायणराव पेशव्यांच्या वेळी, १७७३ साली, आनंदीबाईंनी ‘ध’चा ‘मा’ केला अशी आख्यायिका आहे. खरी-खोटी देव जाणे, पण त्यासाठी त्यांना निदान लेखणी तरी उचलावी लागली असणार. आपल्या लॅपटॉपवर हे काम विनाखर्च होतं.

हे सगळं टाळायचं असेल तर मोठ्या ‘ए’वर चार-पाच टिचक्या माराव्या लागतात, आणि खरा धोका तिथेच आहे. अक्षर मोठं झालं की चौकटीत मजकूर मावत नाही. आठव्या स्लाइडच्या अडीच परिच्छेदांपैकी वरच्या पाच-सहा ओळी दिसतात, बाकीच्या खाली बुडतात. त्या वर आणायला टचपॅडवर बोट फिरवावं लागतं, आणि आपल्या हातात तर क्लिकर. क्लिकर स्लाइड पुढे नेतो, नोट्स वर सरकवत नाही. म्हणजे जे दिसत नाही ते बोललं जाणार नाही. आणि मग माणसाच्या मनात भलता विचार येऊ शकतो, की हे अडीच परिच्छेद लिहिले तरी कोणासाठी?

राहवलं नाही म्हणून मी ते लॅपटॉपला डोळा लावून वाचून काढले. सुरुवात अशी आहे: ‘सदर योजनेच्या प्रभावी अंमलबजावणीमुळे लाभधारक शेतकऱ्यांच्या सिंचनक्षमतेत लक्षणीय स्वरूपाची वाढ झाल्याचे निदर्शनास आले असून...’ पूर्णविराम सहाव्या ओळीत आहे. हे वाक्य फाइलीत पडून राहण्यासाठी जन्माला आलेलं आहे, तोंडातून बाहेर पडण्यासाठी नव्हे. स्लाइडवर एकाच विहिरीचे दोन फोटो आहेत, एक कोरडी आणि एक भरलेली. मी गंमत म्हणून, फाइलच्या वेगळ्या प्रतीवर, त्याखाली एवढंच लिहून पाहिलं:

आधी — कोरडी
पाच सेकंद गप्प
आता — हातभर खाली पाणी
विहीर कोणाची ते सांगा

अक्षर हवं तेवढं मोठं केलं तरी चारही ओळी चौकटीत बसल्या. पोडियमपासून दोन पावलं मागे उभं राहूनसुद्धा वाचता आल्या. हा प्रकार किती घातक आहे ते आपल्या लक्षात आलंच असेल. वक्त्याला एका नजरेत आठवतं, मान पुन्हा वर जाते, तो लोकांकडे बघून बोलू लागतो, आणि लोकांना झोपायची चोरी होते. ती प्रत मी पुसून टाकली आहे.

बोलणाऱ्याला एका नजरेत आठवू देण्याचा हा रोग जुना आहे. मराठी नाटकात विंगेत उभा राहणारा प्रॉम्प्टर नटाला वाक्याचे पहिले एक-दोन शब्दच कुजबुजून द्यायचा. उरलेलं नट आपलं आपण बोलायचा. विंगेतून त्याने अख्खं स्वगत म्हणून दाखवलं असतं तर लोकांनी दोघांनाही हाकललं असतं. तिकडे ब्रिटनमध्ये २२ एप्रिल १९०४ रोजी हाउस ऑफ कॉमन्समध्ये तरुण विन्स्टन चर्चिल पाठ करून आणलेलं भाषण मध्येच विसरले आणि खाली बसले. पुढे महत्त्वाच्या भाषणाला ते भरगच्च नोट्स घेऊनच उभे राहत. पण त्या नोट्सची टंकलेखित पानं पाहिली तर एकही परिच्छेद सापडत नाही. जिथे श्वास घ्यायचा तिथे ओळ तोडलेली, पुढची ओळ थोडी आत सरकवलेली, जणू कविताच. या मांडणीला स्तोत्र-पद्धत असं नावही पडलं. शब्द सगळेच्या सगळे होते, फक्त डोळ्याला वाट शोधावी लागत नव्हती. थोडक्यात, ज्याला एकही शब्द सोडायचा नाही त्यालासुद्धा सुधारण्याचा मार्ग मोकळा आहे. म्हणून म्हणतो, जपून राहावं.

एक मात्र खऱ्या काळजीचं सांगतो. पडद्यावर काय जायचं आणि लॅपटॉपवर काय राहायचं याची अदलाबदल कधी कधी होते. प्रोजेक्टर जोडल्यावर पॉवरपॉइंट उलटा अंदाज बांधतो, आणि प्रेक्षकांना प्रेझेंटर व्ह्यू दिसतो. डिस्प्ले सेटिंग्जमध्ये दोन्हीची जागा बदलण्याचा पर्याय आहे, पण मी मागून धावत येईपर्यंत अर्धं मिनिट जातंच. अशाच एका अर्ध्या मिनिटात मागे एका पाहुण्यांच्या नोट्समधली ‘(इथे अध्यक्षांकडे बघून कृतज्ञतेने हसणे)’ ही ओळ दहा फुटी पडद्यावर झळकली. पाहुणे हसले नाहीत. बाकीचे सगळे हसले, आणि अध्यक्षांकडे बघूनच हसले. आपल्या बाराव्या स्लाइडखाली निधी देणाऱ्यांविषयी जे कंसात लिहिलं आहे, त्याचं अक्षर बारीकच असू द्यावं, किंवा ते पुसावं.

रंगीत तालीम वगैरे करण्याचा विचार मनात आलाच, तर घरीही प्रोजेक्टर लागत नाही हे मी सांगणार नव्हतो. विंडोजवर ऑल्ट आणि एफ ५ एकदम दाबलं की एकट्या लॅपटॉपवरही प्रेझेंटर व्ह्यू उघडतो. लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर ठेवून, चष्मा लावून, उभं राहून, घरच्यांना समोर बसवून पंधरा मिनिटांत सगळं कळतं. काय दिसतं, काय दिसत नाही आणि घरातलं कोण आधी उठून जातं. त्यापेक्षा आयोजकांनी शाल-श्रीफळ ठरवलेलंच आहे, ते मिळण्याशी मतलब.

टेलिप्रॉम्प्टरची तिरकी काच मिळेल का, अशी आपल्या कार्यालयातून विचारणा झाली होती. आमच्या सभागृहात ती नाही. पोडियमखाली ठेवायला एक लाकडी पाट आहे, त्याने लॅपटॉप चार बोटं वर येतो. तो लावून ठेवू का, तेवढं कळवावं. लावला तर वाकावं लागणार नाही, आणि आवाजाचं सगळं गणित मला नव्याने मांडावं लागेल.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
ऑपरेटर

ता. क. येताना लॅपटॉपचा चार्जर आणि एचडीएमआयचं कन्व्हर्टर आठवणीने आणावं. आमचं कन्व्हर्टर मागच्या महिन्यातले वक्ते घेऊन गेले आहेत. विषय होता ‘सार्वजनिक मालमत्ता आणि नागरिकांची जबाबदारी’.