धूमकेतूच्या हाती दुर्बीण

अमेरिकेतल्या कॉलेजांकडे डोळे लावून बसलेल्या पुण्यातल्या मुलांना मी एसएटी या प्रवेशपरीक्षेचं इंग्रजी शिकवतो. मुलं हुशार असतात, आणि अडचण नेमकी तीच. बाकी सगळीकडे उपयोगी पडणारी हुशारी मॉडिफायरच्या, म्हणजे कोणते शब्द कोणाला लागू पडतात या, प्रश्नात आडवी येते.

प्रश्न साधारण असा. (मराठीत सांगतो. इंग्रजीतही तो इतकाच निरुपद्रवी दिसतो.) ‘रात्रीमागून रात्री दुर्बिणीतून आकाश न्याहाळत’ एवढं लिहून स्वल्पविराम, आणि पुढे रिकामी जागा. खालच्या एका पर्यायात ‘आपला पहिला धूमकेतू कॅरोलाइन हर्शेलला 1786 साली सापडला’. दुसऱ्यात ‘कॅरोलाइन हर्शेलच्या दुर्बिणीला’ तो दिसला. तिसऱ्यात ‘1786 हे साल’ पुढे येऊन उभं राहतं. चौथ्यात मात्र ‘कॅरोलाइन हर्शेलनं आपला पहिला धूमकेतू शोधला’. बाई त्याच, साल तेच, धूमकेतूही तोच. मुलं पहिला पर्याय वाचतात, खूश होतात आणि टिचकी मारून मोकळी होतात.

चुकलं. कारण नियम असा की स्वल्पविरामानंतर जो कर्ता समोर येईल, आधीचं काम त्याच्याच गळ्यात मारायचं. म्हणजे पहिल्या पर्यायात धूमकेतू स्वतःच दुर्बिणीला डोळा लावून, रात्रीमागून रात्री, बहुधा स्वतःलाच शोधत बसलेला आहे. दुसरा पर्याय त्याहून लबाड. सुरुवातीलाच हर्शेलबाईंचं नाव दिसतं म्हणून मुलं निर्धास्त होतात, पण त्या नावाला ‘च्या’ चिकटलेला असतो. बाई नुसत्या दारापर्यंत येतात, आत जाते ती दुर्बीण.

‘‘पण सर, कळतंय ना!’’ हे ऐकल्याशिवाय माझा एकही तास संपत नाही.

कळतंय, म्हणून तर मार्क जातो. समजूतदारपणाला या प्रश्नात शून्य किंमत. आपण जन्मभर समोरच्याचं अर्धवट बोलणं मनातल्या मनात पुरं करत आलेलो असतो. ‘‘अगं, ते हे आले होते, त्यांना ते दिलं का?’’ एवढ्यावर महाराष्ट्रातले कितीतरी संसार सुखानं चाललेले आहेत. आणि इथे एकाएकी म्हणायचं की नाही बुवा, आम्हाला काही कळलं नाही. आकाश कोण न्याहाळत होतं ते आधी सांगा.

असं ठाम अडून बसायला जमणारी एकच व्यक्ती मला आजवर भेटली. एका विद्यार्थिनीची आजी. मी शिकवायला जायचो तेव्हा त्या दिवाणावर वाटाणे सोलत बसलेल्या असायच्या. इंग्रजी त्यांना येत नव्हतं, पण मी उदाहरणं मराठीत सांगायला लागलो की सोलणं थांबायचं.

‘‘मास्तर, कोण न्याहाळत होतं म्हणालात?’’

‘‘धूमकेतू.’’

‘‘तो कशाला न्याहाळतोय? जळलं मेलं ते वाक्य!’’

उत्तर बरोबर. नात अजून पर्याय वाचतच होती.

आजींची ही ख्याती घरात जुनीच असावी. एकदा त्यांचा मुलगा दमूनभागून घरात शिरला आणि म्हणाला, ‘‘ऑफिसातून निघून जे ट्रॅफिक लागलंय!’’ आजींनी मान वर न करता विचारलं, ‘‘ट्रॅफिक कधीपासून ऑफिसला जायला लागलं?’’ गृहस्थ बूट न काढता तसेच उभे राहिले. मला मात्र ‘ऊन’ प्रत्ययावरचा एक आख्खा तास फुकटात मिळाला. मराठीत ‘ऊन’ लावलं की दोन्ही कामं एकाच माणसाची, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. ‘दारू पिऊन पोलिसांनी चालकाला पकडले’ असं वाचलं तर आपण आधी पोलिसांकडे बघतो. ‘विहिरीत पडून वनखात्याने बिबट्याला वाचवले’ यात वनखात्याचं शौर्य जरा जास्तच होतं. मी मुलांना सांगतो, इंग्रजी वाक्य असं ‘ऊन’ लावून मराठीत आणा. हसू आलं तर पर्याय खोडा. कुठल्या व्याकरणकाराला हे पटेल असं नाही, पण मार्क मिळतात.

आता कुणी म्हणेल, इंग्रज स्वतः तरी हे पाळतात का? कसलं पाळतायत! आगरकरांनी ‘विकारविलसित’ म्हणून मराठीत आणलेल्या ‘हॅम्लेट’मध्ये बापाचं भूत मुलाला सांगतं की मी बागेत झोपलो असताना मला साप चावला अशी लोकांत बातमी उठवली आहे. शेक्सपिअरच्या मूळ वाक्याची रचना एसएटीच्या नियमानं तपासली तर बागेत झोपलेला असतो तो साप. म्हणजे एका राजाच्या मृत्यूच्या अफवेत झोपेत चालणारा, किंवा झोपेत चावणारा, साप घुसला आणि चारशे वर्षं लोक तिकीट काढून ते ऐकतायत. शेक्सपिअरचा हा मार्क गेला. त्याला कॉलेजात जायचं नव्हतं म्हणून बरं.

शिवाय नियमालाही माणूस बघून वाकायची सवय आहे. ‘खरं सांगायचं तर, पाऊस जोरात होता’ यात खरं सांगणारा पाऊस नव्हे, पण ते चालतं. का चालतं? तर सगळे तसंच बोलतात म्हणून. सगळे बोलतात म्हणून नियम वाकतो आणि एकटा विद्यार्थी बोलला की मार्क जातो, हे सांगताना माझाही चेहरा जरा पडतो.

परीक्षेतल्या वेळेचं गणित मात्र सोपं आहे. 32 मिनिटांत 27 प्रश्न, म्हणजे एका प्रश्नाला जेमतेम 71 सेकंद. त्यात चारही पर्याय शेवटपर्यंत वाचणारा सज्जन बुडालाच. प्रत्येक पर्यायाचे पहिले दोन-तीन शब्द बघायचे, काम कोणाचं ते ठरवायचं आणि पुढे पळायचं. बाकीचं वाक्य कितीही सुंदर असो, त्याच्या प्रेमात पडायचं नाही.

पूर्वी हिंजवडीतली नोकरदार मंडळीही जीमॅट या मॅनेजमेंटच्या प्रवेशपरीक्षेसाठी रात्री उशिरा याच मॉडिफायरशी झुंजायची. पण 2023च्या नोव्हेंबरात जीमॅटची नवी आवृत्ती आली आणि तिच्यातून वाक्यशुद्धीचा प्रश्नप्रकारच गेला. मॅनेजर होण्यासाठी कोण काय करतंय हे कळण्याची गरज उरली नाही, असा अर्थ मी काढला. माझ्या नोट्सचा गठ्ठा त्या महिन्यात निम्म्यावर आला.

आजींच्या नातीचं मात्र छान झालं. मार्चमध्ये एका विद्यापीठाचं पत्र आलं आणि ती पेढे घेऊन आईवडिलांसह माझ्याकडे आली. पत्र तिनं मोठ्यानं वाचायला घेतलं आणि पहिल्याच ओळीत थांबली. तुमचा अर्ज बारकाईनं वाचून, स्वल्पविराम, तुमचा प्रवेश निश्चित झाला आहे.

‘‘सर, इथे अर्ज प्रवेशानंच वाचलाय.’’

‘‘वाचू दे,’’ आई म्हणाली.

‘‘नाही, पण यांना कळवायला हवं. उत्तरात दुरुस्ती करून पाठवते.’’

वडिलांनी शांतपणे तिच्या हातातला फोन काढून घेतला. ‘‘आधी मला डिपॉझिट भरू दे. पावती आली की मग काय ते व्याकरण काढ.’’