हौसेची आरी

शहरात आता फी भरून लोक चामडं शिवायची आरी धरायला शिकतात. परंड्यासारख्या गावात जे पिढ्यान्‌पिढ्या ती धरत आले, त्यांना गावानं वेशीबाहेर बसवलं, बहुधा एकाग्रतेसाठी!

असो. नवशिक्यांनी बाभळीच्या सालीत, हिरड्यात कमावलेलं चामडं घ्यावं. रापी चालवताना दुसरा हात पात्याच्या वाटेत नसावा. भोकं आधी पाडावीत, दोरा मेणवून दोन्ही टोकांना सुई ओवावी. एक टाका तुटला तरी बाकीचे धरून राहतात. पाकीट वाकडं झालं तर ‘हस्तकला’ म्हणावं. चांभाराकडून वाकडं झालं असतं, तर आपण पैसे कापले असते.

ही हौस मोठ्यांनाही आहे. २०२५मध्ये प्राडा या फॅशन कंपनीनं कोल्हापुरीच्या वळणाची चप्पल मिलानमध्ये मिरवली, तीही कोल्हापूरचं नाव न घेता. परंड्याची मलिक-ए-मैदान तोफ विजापूरला नेणाऱ्यांनी निदान तिचं नाव तरी ठेवलं.