पडायला परदेश

नोव्हेंबर उजाडला की हिंजवडी-खराडीच्या कँटीनमध्ये वीकेंडवीर बोलू लागतो. वय चाळिशीच्या अलीकडे-पलीकडे, हुद्दा मॅनेजरचा, पोट हुद्द्याला शोभेलसं. शुक्रवारी रात्री श्रीलंका गाठायची, दोन दिवस वेलिगामाला सर्फिंग, जमलं तर पॅडलबोर्ड, आणि सोमवारच्या मीटिंगला सोललेलं नाक घेऊन हजर. एवढ्या लांब कशाला, असं विचारलं की तो म्हणतो, "लाटा!" हे उत्तर अर्धंच खरं आहे. हा गृहस्थ परदेशी जातो तो मनसोक्त पडता यावं म्हणून.

तिथे चालतं काय ते पाहा. वेलिगामाच्या किनाऱ्याला तळ वाळूचा आणि लाटा आटोपशीर, म्हणून जगभरचे शिकाऊ तिथेच लोटतात. आठ-नऊ फुटी मऊ फोमची फळी, घोट्याला तिचा पट्टा, आणि सोबत वीराच्या निम्म्या वयाचा स्थानिक कोच. लाट निवडतो कोच, वेळ साधतो कोच, मागून ढकलून वेग देतो तोही कोचच. वीराच्या वाट्याला स्वतंत्र कर्तृत्व उरतं ते फक्त पडण्याचं, आणि ते तो जीव ओतून करतो. पोटावर पडतो, कुशीवर पडतो, पाय आभाळाकडे करून पडतो आणि नाकातोंडातून खारं पाणी काढत हसत वर येतो. माझा सारा भर या हसण्यावर आहे. कारण हाच माणूस ऑफिसात खुर्ची डगमगली तरी कुणी पाहिलं का ते आधी बघतो, आणि सोसायटीच्या गणपतीत संगीत खुर्ची सुरू झाली की गुडघ्याचं कारण सांगतो. आपल्याकडे पडण्याची मुभा फार तर दहावीपर्यंत. पुढे "लागलं का?" पाठोपाठ "या वयात नसते उद्योग कशाला?" हेही ऐकावं लागतं.

यावर कोकणाभिमानी विचारतील, आपला समुद्र काय वाईट आहे? लाटांपुरतं वीराचं म्हणणं मान्य करायला हवं. आपल्या किनाऱ्यावर समुद्र खवळतो पावसाळ्यात, आणि तेव्हा पाण्यात उतरणं म्हणजे जिवाशी खेळ; हिवाळ्यात तो शांत होतो. वेलिगामाचं तोंड दक्षिणेला, तिथे अंटार्क्टिकाकडच्या वादळांनी उठवलेल्या लाटा हजारो किलोमीटर चालून येतात. सर्फिंग माफ. पण पॅडलबोर्डचं काय? रुंद फळीवर उभं राहून लांब वल्हं मारायचं, त्याला पाणी हवं संथ, आणि ते तारकर्लीजवळ कर्ली नदीत हवं तेवढं आहे. तरी हा वल्हवणार श्रीलंकेतल्या कोग्गलाच्या खाजणात! 'कोलंबो अडीच तासांवर' हा युक्तिवादही टिकत नाही. हिंजवडीहून मुंबई विमानतळ साडेतीन तास, तिथे आधी पोचायचं तीन तास, विमान अडीच, पुढे गाडीने वेलिगामा आणखी अडीच. साडेअकरा तास झाले. तारकर्ली पुण्याहून आठ-नऊ तासांत येते. अडचण एवढीच, की तारकर्लीच्या काठावर चिंचवडचे साडू सहकुटुंब उभे असू शकतात.

पडण्याची एवढी लाज, तर मग व्हिडिओ कसा टाकतो, असंही कुणी म्हणेल. तो व्हिडिओ नीट बघा. वीर तीन सेकंद उभा दिसतो. त्याच्या आधीचं आणि नंतरचं कापलेलं असतं. वार्षिक अप्रेझलचा फॉर्मही तो असाच भरतो. खाली मजकूर असतो, की हा खेळ आता ऑलिंपिकमध्ये आहे. ते खरंच आहे, २०२१ साली झालेल्या टोकियोच्या स्पर्धांपासून आहे. पण तिथले खेळाडू लाट स्वतः पकडतात.

सर्वांत वजनदार आक्षेप असा, की हल्ली वेलिगामालाही मराठी कानावर पडतं, मग आडोसा राहिला कुठे? खरं आहे, आणि माझ्या म्हणण्याला पुरावा तिथेच सापडतो. किनाऱ्यावरून "अगं, टॉवेल कुठंय?" ऐकू आलं की वीर पडायचा थांबतो. फळीवर मांडी टाकून क्षितिजाकडे असा बघत बसतो, जणू आलेली एकही लाट त्याच्या पसंतीस उतरली नाही. कोच बिचारा गोंधळतो, आणि तासाचे पैसे तर आधीच भरलेले असतात.

तेव्हा विनंती एवढीच: वेलिगामाला कुणी ओळखीचा मराठी माणूस फळीवरून घसरताना दिसलाच, तर हाक मारू नका. हिंदीत बोलत पुढे जा.