बत्तीस लिटरचे सर

पांढरकवड्यात सकाळी साडेनऊच्या सुमाराला मोटरसायकलींचा एक लोंढा गावाबाहेर पडतो. मास्तर, ग्रामसेवक, तलाठी, बँकेतले बाबू. ह्या जमातीला आमच्याकडे ‘अप-डाऊनवाले’ म्हणतात. नोकरी खेड्यात, बिऱ्हाड तालुक्याला आणि उमेदीची वर्षं मधल्या रस्त्यावर. कर्मचाऱ्यांनी मुख्यालयीच राहावं, असं सरकारी पत्र मधूनमधून निघतं आणि ह्याच मोटरसायकलींवरून ते खेड्यात पोचतं.

आमचे शेजारी सर ह्याच लोंढ्यातले. झरीच्या वाटेवर एका कोलाम पोडाजवळच्या, म्हणजे कोलामांच्या वस्तीजवळच्या, जिल्हा परिषद शाळेत गणित शिकवतात. नाव सांगत नाही. सांगितलं तर अर्धा यवतमाळ जिल्हा म्हणेल, ‘हे तर आमचेच मामाजी!’ कारण ही वल्ली एकाच्या मालकीची नाही. घरात एखादी वस्तू यायची असली की तिची सहा महिने चौकशी करणारा, चौकशीत साऱ्या गल्लीला जुंपणारा, आणि शेवटी वस्तू आणायची वेळ आली की ‘आपल्याले काय घाई हाय?’ म्हणून पुन्हा पहिल्या दुकानात शिरणारा माणूस प्रत्येक खानदानात एक तरी असतो. सरांनी कूलरची चौकशी गुढीपाडव्याला सुरू केली होती. कूलर दसऱ्याला आला. उन्हाळाभर आमच्या भागात पारा चव्वेचाळीसच्या आसपास घुटमळत होता आणि सर पंपाच्या वॉटवर बोलत होते. मग हिवाळाभर तो कूलर चादर पांघरून दिवाणखान्यात पाहुण्यासारखा बसून होता.

हेल्मेट ठेवायला मोटरसायकलच्या मागे डिक्की लावायचं खूळ मात्र त्यांच्या डोक्यात महामार्गानं घातलं. आमच्या उशाशी राष्ट्रीय महामार्ग 44 आहे. जुन्या माणसांचा सात नंबर. श्रीनगरहून निघालेला हा रस्ता कन्याकुमारीला जातो, आणि हिवाळ्यात त्याच्यावरून मोठमोठ्या गाड्यांवरची पोरं काश्मीर-कन्याकुमारी करत जातात. मागे एक आणि दोन्ही बाजूंना दोन अशा तीन पेट्या, अंगात जाड जाकिटं. करंजीच्या चहाच्या टपरीवर अशा एका टोळीला सरांनी गाठलं. पोरं सेल्फी काढत होती, सर डिक्कीच्या कुलपात बोट घालून पाहत होते. ‘पाणी जाते का आत?’ ‘निघते कशी?’ ‘बसवली कुठून?’ पोरं सौजन्यानं उत्तरं देत राहिली. तिकडे आदिलाबाद गाठायला त्यांना अंधार झाला असणार.

त्या दिवसापासून सरांना इटली मुखोद्गत झाली. जिवी नावाची कंपनी, मोटरसायकल शर्यतीत धावणाऱ्या ज्युसेप्पे विसेंझी नावाच्या माणसानं 1978 साली काढली, हे मला संध्याकाळी फाटकापाशी उभं राहून ऐकावं लागलं. हातात दुधाची पिशवी होती. ‘मोनोलॉक’ आणि ‘मोनोकी’ हे त्या कंपनीचे डिक्की अडकवायचे दोन प्रकार. पहिला हलक्या डिक्कीसाठी, दुसरा भारीसाठी. ‘भाऊ, बेसिक समजून घ्या,’ सर म्हणाले, ‘डिक्की म्हणजे मुद्दा नाही. मुद्दा हाय खालची प्लेट.’ हे त्यांचं आवडतं वाक्य. कोणत्याही गोष्टीत मुद्दा वेगळाच असतो, आणि तो सरांनाच ठाऊक असतो.

इटलीच्या डिक्कीची किंमत कळल्यावर वहिनींनी एकच विचारलं, ‘तेवढ्यात बकरी येते का नाही?’ सर म्हणाले, ‘बकरी गाडीवर बसवता येत नाही.’ वहिनी म्हणाल्या, ‘तुमच्यापेक्षा लवकर बसंल.’

मग इटली सुटली आणि देशी चौकशी सुरू झाली. पंक्चरवाल्याला विचारलं. त्यानं लोखंडी पत्र्याची पेटी सुचवली, जन्मभर टिकते म्हणाला. सरांनी मान डोलावली आणि ‘गंजाचं काय?’ विचारून त्याला निरुत्तर केलं. पोस्टमनला थांबवून त्याच्या कापडी पिशवीचं मत घेतलं. नागपूरला लग्नाला गेले तर मांडवात कमी आणि ॲक्सेसरीजच्या दुकानांत जास्त वेळ. प्रत्येक दुकानदाराला त्यांनी ‘नक्की येतो’ म्हटलं. त्यातला एक बिचारा अजून फोन करतो म्हणे. सरांचा विशेष असा की ते कुणाचंच म्हणणं खोडत नाहीत. सगळ्यांना ‘बरोबर हाय तुमचं’ म्हणतात आणि करतात मात्र पाचवंच काही.

अखेर प्लास्टिकची, देशी, काळी, ‘बत्तीस लिटर’ असं स्टिकर असलेली डिक्की घरी आली. आता बसवतील, असं आम्हाला वाटलं. पण गणिताचा मास्तर कुणाच्या स्टिकरवर विश्वास ठेवत नाही. सरांनी डिक्की अंगणात मांडली, दूधवाल्याकडून लिटरचं माप आणलं आणि ज्वारीनं डिक्की भरायला घेतली. गल्लीतली पोरं मोठ्यानं मोजत होती. एकोणतीसला डिक्की काठोकाठ झाली. ‘तीन लिटरची तूट!’ सर विजयानं ओरडले. इतका आनंद त्यांना पूर्ण बत्तीस भरली असती तर झाला नसता. मग लक्षात आलं की झाकणाच्या घुमटातली जागा मोजायची राहिली. झाकण उलटं करून तेही भरलं. बेरीज जुळली तसे सर जरा हिरमुसले. संध्याकाळी वहिनी डिक्कीच्या कोपऱ्यांतून ज्वारीचे दाणे वेचत होत्या आणि काही बोलत नव्हत्या.

नंतर पाण्याची परीक्षा. आत कोरडा पेपर घातला, झाकण लावलं, वरून बादल्या ओतल्या. पेपर कोरडा निघाला, त्यातली कापसाच्या भावाची बातमी सरांनी तिथंच वाचून दाखवली.

बसवायला सरांनी सुट्टीचा दिवस निवडला आणि तो नेमका खंडेनवमीचा निघाला. आमचा मेकॅनिक सकाळीच आंघोळ करून, टिळा लावून बसलेला. त्याचे पाने, पकडी, हातोडे, ड्रिल मशीन सगळं पाटावर ओळीनं मांडलेलं, हळदकुंकू लागलेलं, झेंडूची फुलं वाहिलेली. ‘सर, आज पान्याले हात लावत नसते,’ तो म्हणाला. सर दुकानात तसेच उभे. मग मेकॅनिकच्या बायकोला दया आली. तिनं डिक्कीही पाटावर ठेवून घेतली, तिच्यावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. म्हणजे गाडीला लागायच्या आधीच डिक्कीची पूजा झाली. ते स्वस्तिक अजून आहे. सर त्यावरून फडकं फिरवत नाहीत.

दसऱ्यानंतर प्रत्यक्ष बसवणूक झाली. ह्या भागावर सर सवडीनं बोलतात, तेव्हा मीही बोलतो. स्प्लेंडर ही गाडी 1994 साली आली ती दोन माणसं, एक पोरगं आणि खताची गोणी वाहायला. मागे प्लास्टिकचं कपाट लावण्याचा विचार तेव्हा कुणी केलेला नसावा. डिक्कीसोबत आलेली प्लेट सरांच्या कॅरिअरला जुळेना. भोकं एकीकडे, नळ्या दुसरीकडे. वेल्डिंगवाल्याकडून लोखंडी पट्टी आडवी जोडून घ्यावी लागली. त्यावर प्लेट, प्लेटखाली रबराचे वायसर, चार कोपऱ्यांना चार बोल्ट, आणि थरथरीनं नट सुटू नये म्हणून प्रत्येकावर दुसरा नट. सर शेजारी उकिडवे बसून प्रत्येक नटाला विचारत होते, ‘कसला का?’ मेकॅनिकनं शेवटी पाना त्यांच्या हातात दिला. ‘सर, डिक्की इटलीची असो का उमरीची, गड्डा आला का धक्का बसतेच.’

खरा पेच पडला तो जागेचा. डिक्की फार मागे घेतली तर सगळं वजन मागच्या चाकाच्या आसापलीकडे जातं, पुढचं चाक हलकं होतं आणि हँडल लटपटतं. हे शास्त्र पक्कं आहे. पुढे घेतली तर वहिनींच्या पाठीत शिरते. सरांनी ह्यावर कायदा काढला. 2020 साली केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानं मोटरसायकलवरच्या अशा पेटीची मापं ठरवून दिली: लांबी 550, रुंदी 510, उंची 500 मिलिमीटर, ह्याहून मोठी नको. मागच्या सीटच्या जागी पेटी असेल तर चालवणाऱ्याखेरीज दुसरं कुणी बसायचं नाही. सीटच्या मागे असेल तर बसता येतं. सरांनी टेप लावून डिक्की मापली, कायद्यात बसली. मग नियम वहिनींना वाचून दाखवला. वहिनी म्हणाल्या, ‘म्हणजे ते सरकारही विचारून राहिलं, बायको नेता का डब्बा?’ शेवटी डिक्की चार बोटं मागे सरकली. पुढच्या चाकानं थोडं सोसायचं असं ठरलं.

डिक्की लागल्यावर सरांना कळलं की आता गाडीवरून उतरता येत नाही. पंचवीस वर्षांची सवय, उजवा पाय मागून गोल फिरवून उतरायचं. आता पाय डिक्कीला धडकायचा. भर पंचायत समितीच्या आवारात, ओळखीच्या लोकांसमोर, सरांनी तो जरा उंच फिरवला आणि पँटची शिवण आवाज करून गेली. दोन आठवडे ते चढण्या-उतरण्याचा सराव आमच्या गल्लीत अंधार पडल्यावर करत. आता टाकीवरून पाय पुढून काढायचं तंत्र त्यांना जमलं आहे. पाहणाऱ्याला वाटतं, माणूस गाडीवरून उतरत नसून कुंपण ओलांडतो आहे.

आणि हेल्मेट? ज्याच्यासाठी एवढं केलं ते हेल्मेट डिक्कीत मावलं, पण मग टिफीन मावेना. सरांनी हेल्मेट डोक्यावरच ठेवायचं ठरवलं, जे मुळात कायद्यालाही हवं होतं. मोकळ्या जागेत त्यांनी संसार मांडला. भर मे महिन्यात रेनकोट, खडूचे दोन डबे, पंक्चरचं सामान, बॅटरी, डोकेदुखीची गोळी, हजेरीच्या झेरॉक्स आणि गाडीच्या कागदांचा रबरबँड लावलेला गठ्ठा. ‘कोणतीही वस्तू मागा,’ सर म्हणतात. मागावी तर ती नेमकी तळाशी असते आणि सगळं रस्त्यावर मांडावं लागतं. डिक्कीची दुसरी किल्ली कुठं ठेवली, असं मी एकदा विचारलं. ‘सुरक्षित हाय,’ सर म्हणाले, आणि डिक्कीवर थाप मारली.

डिक्कीच्या आतल्या बाजूला छोटं स्टिकर होतं: कमाल वजन तीन किलो. सरांनी हा आकडा लाल शाईनं मोठा लिहून बाहेर चिकटवला आणि डिक्कीत स्प्रिंगचा टांगता काटा ठेवला. पण पोडाला हे स्टिकर मान्य नव्हतं. ‘सर, डब्बा मोठा केला ना, मंग एवढं आणजा.’ आजीच्या बीपीच्या गोळ्या, सरकी बियाण्याचं पाकीट, शिंप्याकडचं पोलकं, राशन कार्डाच्या झेरॉक्स, मोबाईलचं चार्जर, एकीच्या बांगड्या मापासकट. सकाळी जाताना डिक्की अशी भरायची आणि संध्याकाळी वानोळ्यानं. पावसाळ्यात बांबूचे वास्ते, मग बरबटीच्या शेंगा, थंडीत तुरीच्या शेंगा आणि हरभऱ्याचा ढाळा, उन्हाळ्यात चारोळी.

एकदा एका म्हाताऱ्यानं अंगणातलं कोहळं आणून दिलं. सरांनी सवयीनं काटा काढला, कोहळं टांगलं आणि म्हणाले, ‘साडेचार. बसत नाही.’ म्हातारा पाहत राहिला. ‘वानोळा मोजून घेते का, सर?’ एवढंच म्हणाला. सर काही बोलले नाहीत. काटा आत टाकला, त्यावर कोहळं ठेवलं, झाकण गुडघ्यानं दाबून लावलं. त्या रात्री वहिनींनी कोहळ्याच्या बोंडांचं ताट आमच्याकडेही पाठवलं. काटा नंतर शाळेत गेला. आता तो वजन-मापाच्या धड्याला लागतो. लाल शाईचं स्टिकर पहिल्या पावसात धुऊन निघालं, सरांनी नवं लावलं नाही. प्लेटखाली मात्र मेकॅनिकनं आणखी एक पट्टी जोडली, आणि पैसे घेतले नाहीत. त्याची सासुरवाडी त्याच बाजूला आहे, वास्ते त्याच्याही घरी जातात.

ह्या सगळ्यातून सर शहाणे झाले असं समजू नका. उलट आता ते तज्ज्ञ झाले आहेत. तहसीलसमोर कुणाची रिकाम्या कॅरिअरची गाडी दिसली की मालक येईपर्यंत थांबतात. ‘मोकळं काऊन ठेवलं भाऊ कॅरिअर?’ पासून सुरुवात, मग इटली, मग खालची प्लेट, मग मागच्या चाकाचा आस. शाळेवर नव्यानं आलेल्या एका तरुण गुरुजींना त्यांनी चार संध्याकाळी असं मार्गदर्शन केलं. पोरगं नम्र, वहीत लिहून घेत होतं. पाचव्या दिवशी तो बाजारात गेला आणि कापडाची एक जाड थैली घेऊन आला. हँडलला अडकवली, गाठ मारली.

सरांनी थैलीच्या दोन्ही बाजू पाहिल्या, शिवण ओढून पाहिली, तळाशी हात घालून खोली घेतली.

‘चांगली हाय,’ ते म्हणाले. ‘किती लिटरची?’