उपनगर, पाचशे किलोमीटरवर

माझा भाचा बोटीवर असतो. आमच्या किनाऱ्यावर 'बोटीवर' म्हटलं की पुढचं कुणी विचारत नाही. पगार चांगला, लग्न उशिरा आणि गणपतीला सुट्टी मिळेल की नाही ते कप्तानाला ठाऊक, एवढं सगळं त्या एका शब्दात येतं. मागे त्याचं जहाज ब्राझीलमध्ये सांतुस बंदराला लागलं, एक दिवसाची मोकळीक मिळाली आणि त्याने फोन लावला. त्याच्याकडे दुपारचे बारा, आमच्याकडे रात्रीचे साडेआठ, म्हणजे नेमकी बांगड्यावर हात मारायची वेळ.

"मामा, हय सगळा आपल्यासारखाच आसा. रेती आसा, माड आसत, काजू आसत. फक्त सोलकढी नाय."

"शार मोठा आसा?"

"नाय वो. मोठा शार बाजूक. ह्या आपला उपनगर."

सांतुसशेजारच्या त्या गावाचं नाव सांव व्हिसेंत. 'उपनगर' हा शब्द भाच्याने जरा पडेल आवाजात उच्चारला, जसं एखादा स्थळ सांगताना "मुलगा तसा हुशार, पण अजून शिकतोय" म्हणतो. मी निवृत्त मास्तर. अर्धवट ऐकलेली गोष्ट पुस्तकात शोधल्याशिवाय मला झोप येत नाही. शोधलं तर काय, हे उपनगर थोरलं निघालं! १५३२ साली मार्तिम अफोंसो द सोझा नावाच्या पोर्तुगीज सरदाराने ते वसवलं. ब्राझीलमधली पोर्तुगिजांची ती पहिली रीतसर वसाहत. सांतुस नंतरचं. पण बंदर तिथे वाढलं, पैसा तिथे गेला आणि थोरल्याने धाकट्याच्या पडवीत पथारी टाकली.

हेच सोझासाहेब दहा वर्षांनी, १५४२ साली, गोव्यात गव्हर्नर म्हणून उतरले, तेही सेंट फ्रान्सिस झेवियरला बरोबर घेऊन. म्हणजे भाचा ज्यांच्या गावच्या रेतीत बसला होता, ते गृहस्थ एकेकाळी तेरेखोल खाडीपलीकडचे आमचे शेजारी. जग लहान आहे असं म्हणतात ते कशासाठी कोण जाणे. मला तर ते फक्त चौकशा करणाऱ्या नातेवाइकांनी भरलेलं वाटतं.

तर उपनगराचं. आमचं मालवणही तसंच, मुंबईचं उपनगर, असं कुणी म्हटलं तर मी भांडणार नाही. फक्त कुणाचं उपनगर कोण, ते मला ठरवू द्यावं. शिवाजी महाराजांनी आमच्यासमोरच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्ग किल्ल्याचा मुहूर्त केला तो २५ नोव्हेंबर १६६४ रोजी. त्या दिवशी मुंबई इंग्रजांना हुंड्यात कबूल झाली होती, पण हातात पडली नव्हती. ताबा मिळायला १६६५ उजाडलं. इकडे हिरोजी इंदुलकर पायात शिसं ओतून अठ्ठेचाळीस एकरांचा किल्ला समुद्रात उभा करत होते आणि तिकडे मुंबई अजून कागदावर होती. आता सांगा, वयाने मोठं कोण?

इंग्रज आमच्याकडेही आले. १७६५ साली त्यांनी सिंधुदुर्ग घेतला आणि त्याचं नाव 'फोर्ट ऑगस्टस' ठेवलं. वर्षभरात त्यांच्या लक्षात आलं की हा व्यवहार परवडत नाही. मग कोल्हापूरकरांकडून पैसे घेऊन किल्ला परत केला. नावही जाताना घेऊन गेले असावेत, कारण मालवणात ते कुणाच्या तोंडी नाही. आमच्या जिभेला 'ऑगस्टस' पेलला असता असंही नाही. दोन दिवसांत त्याचं 'आगुस्तो' झालं असतं आणि तिसऱ्या दिवशी कुणीतरी त्याला घरजावई करून घेतलं असतं.

मुंबई मात्र चिकटली. माझ्या आईच्या पिढीला ती समुद्रातून दिसली. आगबोट मालवणसमोर यायची, पण धक्क्याला लागायची नाही. लांब खोल पाण्यात उभी राहायची आणि माणसं होडीतून तिच्यापर्यंत जायची. होडी खाली, बोट वर, दोघींची लाट वेगळी, आणि मध्ये शिडी. त्या शिडीवर आईची एक चप्पल समुद्रात पडली. दुसरी तिने टाकली नाही. भाऊच्या धक्क्यावर ती एका पायात चप्पल घालून उतरली आणि पुढे कितीतरी वर्षं ती एकटी चप्पल आमच्या माळ्यावर होती. "जोडीतली एक तरी आपली ना?" असं तिचं म्हणणं. पावसाळ्यात बोट बंद. मग मुंबई गाठायची तर कोल्हापूरकडून घाट चढून जायचं, नाहीतर गप्प घरी बसायचं. चार महिने शहर आणि उपनगर यांच्यात बोलणं बंद, एखाद्या जुन्या नवरा-बायकोसारखं.

बोटीने गेलेली माणसं लालबाग-परळला उतरत. एका गावची माणसं मिळून एक खोली घेत. ट्रंका भिंतीला, वळकट्या ट्रंकांवर. एक पाळी गिरणीत, दुसरी झोपेत. जेवण कुणा गाववाल्या बाईच्या खाणावळीत. त्या खोलीत जागा नसली तरी गाव पुरा होता: गावातलं भांडण होतं, भजन होतं, देवाची वर्गणीही होती. १९८० साली गंगाराम गवाणकरांचं 'वस्त्रहरण' रंगभूमीवर आलं आणि मच्छिंद्र कांबळींनी मालवणी बोलीला मुंबईची टाळी मिळवून दिली. लोक म्हणाले, मालवणी मुंबईत पोचली. ती तर कधीचीच पोचली होती, फक्त आतापर्यंत ती तिकीट न काढता खोलीत राहत होती.

पुढे १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला, आणि त्याबद्दल हसतखेळत लिहिणं मला जमणार नाही. आमच्या वाडीतले तीन पुरुष त्या वर्षी ट्रंक घेऊन परत आले. एकाने ती ट्रंक मरेपर्यंत उघडली नाही असं लोक सांगतात. मला वाटतं उघडली असेल, रात्री.

ज्यांनी मुंबई सोडली नाही ते हळूहळू सरकत विरार, नालासोपारा, डोंबिवली, बदलापूरला गेले. म्हणजे उपनगरातला माणूस शहरात गेला आणि तिथून पुन्हा उपनगरात. इकडे आम्हांला फरक पडत नाही. बदलापूरला राहणाराही मालवणात "मुंबैक" असतो. एकदा एका चाकरमान्याने भूगोल समजावून सांगायचा प्रयत्न केला, तेव्हा त्याची चुलती म्हणाली, "पाचशे किलोमीटरात पन्नास हयथय, तेचा काय एवढा?"

इतक्या लांबच्या शहराला धरून ठेवायला आमच्याकडे साधनं तरी काय आहेत म्हणाल? १९८१च्या १ मेला जिल्हा झाला, नाव आमच्या समुद्रातल्या किल्ल्याचं. पण कलेक्टर बसतात ओरोसला. कोकण रेल्वे १९९८ला पूर्ण सुरू झाली, तिचं स्टेशन कुडाळला. विमानतळ २०२१ला झाला, तो चिपीला. मालवणच्या वाट्याला आलं एसटी स्टँड. त्यामुळे आमची खरी लोकल म्हणजे रात्रीची मुंबई गाडी. संध्याकाळी तिच्याभोवती उभं राहून पाहावं. गाडीच्या पोटात तांदळाचं पोतं, नारळांची दोन गोणपाटं, वर्तमानपत्रात गुंडाळलेला फणस, कोकमाच्या आगळाच्या बाटल्या, खाजाचे पुडे. खाजा म्हणजे बेसनाच्या कांड्या गुळाच्या पाकात आणि आल्यात घोळलेल्या. दाताची परीक्षा घेतात, पण प्रवासात मोडत नाहीत. बसणारा एक आणि पोचवायला आलेले सात. गाडी हलते, तेवढ्यात आठवा धावत येतो, हातात लोणच्याची बरणी. ड्रायव्हर थांबतो. मालवणच्या बरणीसाठी न थांबलेला ड्रायव्हर अजून मी पाहिलेला नाही.

मुंबईला जाणाऱ्यांचं हे झालं. राहणाऱ्यांचा दिवस पहाटे बंदरावर सुरू होतो. जून आणि जुलै मासेमारी बंद, तेव्हा आमचे चेहरे डाळ-भातासारखे होतात. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देऊन झाला की जीव भांड्यात पडतो. सकाळी दांडीच्या किनाऱ्यावर रापण लागते. होडी लांबलचक जाळं अर्धगोल सोडत जाते आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरची माणसं ओढतात. पाठ मागे, टाचा रेतीत, एक-एक पाऊल. मी फिरायला गेलो की कुणीतरी हमखास ओरडतो, "मास्तरांनू, दोराक हात लावा!" मी हात लावतो. माझ्या ओढण्याने जाळं किती पुढे येतं हे सांगणं अवघड आहे. एकदा मी दोर सोडला तेव्हा ते जरा वेगाने आलं असा मला भास झाला. तरी दोराला हात लावला की माझ्या पिशवीत मूठभर पेडवे पडतात. त्या मुठीचा आकार माझ्या कामावर नाही, ओढणाऱ्यांच्या मनावर ठरतो. त्या दिवशी घरी कुणी भाजीचं नाव काढत नाही.

आणि शहराला बोलावून घ्यायचं असलं की आमच्याकडे देव आहेत. दिवाळीच्या पाडव्याला रामेश्वर-नारायणाची पालखी निघते. गणपतीला तर अर्धी मुंबईच येते. पण खरी गंमत आंगणेवाडीच्या भराडी देवीची. तिच्या जत्रेची तारीख पंचांगात नसते. देवीचा कौल होतो तेव्हा ठरते. म्हणजे मुंबईतला माणूस साहेबाकडे रजेचा अर्ज घेऊन जातो तो असा: रजा हवी आहे, कधी ते नंतर कळवतो. तारीख फुटली की मग रेल्वेलासुद्धा जादा गाड्या सोडाव्या लागतात. एवढ्या मोठ्या शहराचं वेळापत्रक मसुऱ्याजवळच्या एका वाडीतून हलवलं जातं. आता पुन्हा विचारतो, उपनगर कोण?

भाचा परवा सुट्टीवर आला. नेहमीप्रमाणे आधी मुंबईत दोन दिवस, मग रात्रीची गाडी. बॅगेतून त्याने मामीसाठी एक चकचकीत पुडा काढला. खारवलेले काजू, थेट सांतुसहून.

मला हसू आवरेना. हे झाड ब्राझीलचं, नावसुद्धा तिथल्या तुपी लोकांच्या 'अकाजू'वरून आलेलं, आणि सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी ते जहाजातून आमच्या किनाऱ्यावर आणलं. मग आम्ही ते इतकं आपलं करून घेतलं की लहानपणी बोंडूच्या डागांवरून शर्ट ओळखू यायचे आणि बिया भाजताना उडालेल्या चिकाने कुणाचा ना कुणाचा हात पोळलेला असायचा. १९५७ला वेंगुर्ल्याला फळ संशोधन केंद्र झालं, काजूच्या नवीन जाती निघाल्या. आणि एवढं सगळं झाल्यावर हा गडी दोन समुद्र ओलांडून काजू घेऊन आला.

"काजू हाडलंस?" मामीने पुडा उलटसुलट करून पाहिला. मग एक दाणा तोंडात टाकला, बराच वेळ चघळला. आम्ही दोघं निकालाची वाट पाहत उभे.

"बरे आसत," ती म्हणाली, "पण वेंगुर्ल्याचे बरे."

आणि पुडा डब्यात ओतून तिने डबा वरच्या फळीवर ठेवला, मुंबईला पाठवायच्या पिशवीजवळ.