सदतिसावा गुण

जबलपूरच्या गोरखपूर भागात राहणाऱ्या आम्हा मराठी मंडळींच्या घरी लग्ने जुळविण्याचे जे खाते पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे, त्याच्या दप्तरात छत्तीस गुण, एकनाडी आणि मंगळ एवढीच कलमे आजवर होती. परंतु १ जुलै २०२३ रोजी आमच्याच प्रदेशातील शहडोल येथे पंतप्रधानांनी सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या निर्मूलनाच्या राष्ट्रीय अभियानाचा प्रारंभ केला, तेव्हापासून रक्ताचा दाखला हे सदतिसावे कलम त्यात दाखल होण्याची सोय झाली. १७ राज्यांतील चाळिशीपर्यंतच्या ७ कोटी लोकांचे रक्त तपासावे आणि २०४७ पर्यंत व्याधीचे उच्चाटन करावे, हा संकल्प उदात्त आहे. त्याविषयी शंका घेणारा मनुष्य एक तर दुष्ट असावा किंवा सदरलेखक.

शास्त्र सरळ आहे. आईबाप दोघेही या विकाराच्या जनुकाचे वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला व्याधी होण्याची शक्यता चारांत एक. वाहक स्वतः मात्र सामान्यतः धडधाकट असतो. हा सरळपणा वधूपित्याच्या ओसरीपर्यंत टिकत नाही. दाखले दोघांचे जुळवावेत असा उपदेश असला, तरी वहिवाटीप्रमाणे आधी मुलीचा मागितला जाईल, 'वाहक' हा शब्द 'रोगी' असा वाचला जाईल, आणि मुलाचा दाखला कपाटात कुठेसा असेल. शिवाय हा विकार मंडला-डिंडोरीच्या गोंडांचा, आपला नव्हे, हे आमचे सोवळे समाधान विदर्भातील कितीतरी बिगर-आदिवासी घरांच्या रक्ताने केव्हाच खोटे पाडले आहे. पण सोवळ्याला पुरावा चालत नाही.

दाखल्याहून जालीम तजवीज हवी असल्यास तीही उपलब्ध आहे. या विकाराचे मूळ रेणूत आहे हे १९४९ साली दाखविणारे नोबेलविजेते लायनस पॉलिंग यांनी १९६८ साली वाहकांच्या कपाळावर गोंदण करावे, असे गंभीरपणे सुचविले होते. आणि पुढील दशकात अमेरिकेत गोंदणावाचूनही निरोगी वाहकांना नोकरी व विमा नाकारला गेला. आम्हांला कपाळाची गरज नाही. वधूवरसूचक मंडळाच्या व्हॉट्सॲप गटात दाखल्याचे छायाचित्र फिरले की कार्यभाग साधतो.

जनुकांतच फेरफार करणारा उपचार २०२३ साली ब्रिटन-अमेरिकेत मंजूर झाला; अमेरिकेत तेव्हा त्याची किंमत बावीस लाख डॉलर होती. डिंडोरीच्या रोग्याची गरज त्यामानाने किरकोळ: हायड्रॉक्सियुरियाची गोळी, दररोज, खंड न पडता. परंतु तपासलेल्या रक्ताचा आकडा जाहीरनाम्यात शोभतो, तसा गिळलेल्या गोळीचा शोभत नाही.

म्हणून सरकारचरणी विनंती एवढीच, की दाखला ज्याचा त्याच्याच हाती द्यावा, त्याच्या संमतीवाचून त्याची नोंद दप्तराबाहेर जाऊ देऊ नये, आणि रोग्याच्या हाती गोळी पडल्याखेरीज तपासणी पूर्ण झाल्याचा शेरा मारू नये. गोरखपूरच्या वरपित्यांना विनंती याहून लहान आहे: मुलीचा दाखला मागण्यापूर्वी आपल्या चिरंजीवांचा पुढे ठेवावा.